लेकराआधी घास न्हाय

९ मार्च, रविवार

वायरच्या कंपनीनं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर दुकानात वार्निशच्या डब्याखाली पडून होती. आज पुसून वर घरात आणली. कारण आज आमच्या शांभवीची उष्टावण झाली आणि आजपासून तिला जेवायला शिकवायचं काम माझ्या अंगावर आहे. असली कामं लिहून ठेवलेली बरी. कुठलं कनेक्शन कुठं जोडलं हे लिहून ठेवलं नाही की मोटार उघडल्यावर माणूस डोकं धरून बसतो.

तर उष्टावण. विद्याचा भाऊ प्रभुलिंग आजऱ्याहून आला, येताना घनसाळ तांदळाची पिशवी घेऊन. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, त्याची खीर केली. घरभर वास. मामानं अंगठीनं खीर उचलून भाचीच्या ओठाला लावली. पोरीनं आधी मामाकडं बघितलं, मग खिरीकडं बघितलं, आणि अशी फुर्रकन उडवली की मामाच्या नव्या शर्टाचा खिसा भरला. सगळे हसले. दुसरा घास, तसाच. तिसऱ्याला कुणी हसलं नाही.

आणि इथं पंचाईत झाली. अव्वाचा नियम पहिल्यापासनं कडक आहे. लेकराचं पोट भरल्याशिवाय त्याच्यासमोर कुणी घास घ्यायचा नाही. लेकराची नजर ताटाला लागते, आणि लेकराचा जीव तळमळतो ते पाप वेगळंच. मी लहान असताना माझे वडील, आप्पासुद्धा शेतातनं आले तरी मी जेवेपर्यंत थांबायचे म्हणे. त्यामुळं आज पंचवीस पावणं दुपारी दोन वाजेपर्यंत शांभूभोवती बसून राहिलं. ती बघायची आमच्याकडं, आम्ही बघायचो तिच्याकडं. शेवटी ती झोपली तेव्हा पंगत बसली. प्रभुलिंगनं सात पोळ्या हाणल्या. त्याची काय चूक!

विद्याची रजा २० एप्रिलला संपते. ती एसटीत कंडक्टर आहे. चार वर्षं यादीत नाव लोंबकळत होतं तिचं. ऑर्डर आली त्या दिवशी तिनं गल्लीत पेढे वाटले होते आणि मला एकट्याला दोन दिले होते. दुकान माझं घराच्या खालीच, मोटार वायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचं. म्हणून मीच छाती पुढं काढून म्हणलो, “तू बिनघोर डबल बेल दे. पोरगी मी सांभाळतो.” एक टिंग म्हणजे थांब, दोन टिंग म्हणजे चल, हे तिनंच मला लग्नानंतर शिकवलंय.

अडचण एकच. शांभू आईच्या दुधाशिवाय कशाला तोंड लावत नाही. बाटली दिसली की किंचाळते. वाटी-चमचा दिसला की ओठ असे मिटते, पान्यानं उघडणार नाहीत. त्रेचाळीस दिवस आहेत हातात. बघू की.

११ मार्च, मंगळवार

डॉक्टर निशिगंधा मॅडमकडं जाऊन आलो. वजन ठीक आहे पण आता दुधावर भागणार नाही म्हणाल्या. मीठ न्हाय, साखर न्हाय, मध तर अजिबात न्हाय. पातळ पाणी करू नका, चमच्यावर उभं राहील असं द्या. मी सगळं लिहून घेतलं. मॅडम म्हणाल्या, “बाबा लोक सहसा लिहून घेत नाहीत.” मला जरा बरं वाटलं, उगाच कशाला लपवू.

नाचणीचं सत्त्व करायचं ठरवलं. अव्वा म्हणाली, मी करते. मी म्हणलो, न्हाय, मीच करणार. ती नसली तर मला यायला नको? अव्वा म्हणाली, “कुठं जाणार हाय मी? का घालवाय निघालायस?”

१४ मार्च, शुक्रवार

सत्त्वाचं काम वायंडिंगपेक्षा सोपं नाही. नाचणी निवडून, धुवून रात्रभर भिजवली. फडक्यात बांधून एक दिवस मोड आणले. मोड आलेली नाचणी पहिल्यांदाच एवढ्या जवळनं बघितली. तांबडे दाणे आणि त्याला पांढरे बारीक दोरे. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटली. (मिक्सरची तार मीच भरलेली आहे, त्यामुळं बाकी काही नाही तरी मोटार दमदार.) फडक्यातनं गाळली. खाली दूध निथळलं, ते परातीत ठेवलं, सत्त्व बुडाशी बसलं, वरचं पाणी ओतलं. उरलेलं गच्चीवर वाळवलं. आज संध्याकाळी एवढंसं निघालं. मूठभर! पण काय मऊ.

शिजवून वाटीत घेतलं. अव्वा, विद्या आणि मी, तिघं तिच्यासमोर बसलो. “आऽऽ कर शांभू.” तिघांनी आऽऽ केलं. ती आमच्या तिन्ही तोंडांत डोकावून बघत राहिली. आत काहीच नव्हतं. ओठ मिटले.

१९ मार्च, बुधवार

झालेले प्रयोग: नाचणी घट्ट, नाचणी पातळ, नाचणी तुपातली, घनसाळची पेज, मुगाचं वरण, भोपळा, गाजर. चमचा बदलला, स्टीलचा होता तो चांदीचा केला. वाटी बदलली. जागा बदलली. अव्वानं मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. विद्यानं गाणं म्हणून बघितलं. माझं गाणं नको म्हणाली.

मोटार लोड घेत नसली की आम्ही बघतो, वायर कुठं तुटलीय. इथं वायर सगळी शाबूत आहे. हसते, खिदळते, पालथी पडते, सरकते. फक्त खात नाही.

अजून एक. आम्ही जेवायला बसताना तिला आतल्या खोलीत ठेवतो, नियमाप्रमाणं. पण ताटाचा आवाज आला की आतनं अशी ओरडते की बस्स! भांड्यांच्या आवाजाला भीत असेल. आजपासून ताटाखाली फडकं घालायला सांगितलं आहे.

२६ मार्च, बुधवार

लिहिण्यासारखं काही नाही. तीन पाणबुडी पंप आले, तिन्ही जळलेले. ऊन वाढलं की आमचा सीझन.

विद्यानं खाकी ड्रेस काढून इस्त्री केली. मी म्हणलो, अजून महिना आहे की. म्हणाली, “घडी पडली होती.” मागच्या आठवड्यातही केली होती. एवढ्यात कशी घडी पडली कळलं नाही. कपाट दमट असेल, बघायला पाहिजे.

३१ मार्च, सोमवार

ईद. खाली कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्या हुसेनबी चाचींकडं दरवर्षी जातो. विद्यानं सांगितलं, शांभूला घेऊन जा, मी पाणी भरते. गेलतो. घरभर माणसं. सगळ्यांच्या हातात शीरखुर्म्याचा वाडगा, सगळ्यांची तोंडं चाललेली. मला वाटलं पोरगी आता गोंधळ घालणार. पण ती सबिनाच्या, म्हणजे चाचींच्या सुनेच्या, मांडीवर बसून टकामका एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. आणि चाचींनी काही न विचारता एक शेवई बोटावर घेऊन तिच्या तोंडात घातली की!

खाल्ली. शप्पथ खाल्ली! दुसरी दिली, तीही. मी उडालोच. म्हणलो, “चाची, साखर न्हाय द्यायची म्हणलंय डॉक्टरनं!”

“आरं दोन शेवया खाल्ल्यानं काय हुतंय, महांत्या? माझी सात पोरं ह्याच शेवयांवर उभी ऱ्हायली. तू बी खाल्लायस माझ्याच हातनं, विसरलास व्हय?”

घरी येऊन विचार केला. नाचणी फिकी, शेवई गोड. म्हणजे पोरीला गोड पाहिजे. सापडलं! उद्या खारीक उगाळून घालतो, त्याला मॅडम काही म्हणणार नाहीत.

विद्याला सांगितलं तर खूश झाली. मग जरा वेळानं म्हणाली, “चाचींच्या हातनं खाल्लं?” मी म्हणलो, व्हय. “माझ्या हातनं न्हाय खाल्लं कधी,” म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बायकांचं कळत नाही. चांगली बातमी सांगितली तरी तोंड उतरतं.

२ एप्रिल, बुधवार

खारीक घालून नाचणी. आम्ही तिघं शांतपणे समोर बसलो. थुंकली. माझा चष्मा पुसावा लागला.

६ एप्रिल, रविवार

आज काय झालं ते आधी लिहितो, मग विद्याला सांगायचं की नाही ते ठरवतो.

गच्चीवर अव्वाची वर्षाची चटणी चाललीय. पंधरा किलो मिरची, ब्याडगी आणि संकेश्वरी, आठवडाभर लुगड्यावर वाळतेय. आज देठ खुडायला गल्लीतल्या सहा-सात बायका आल्या. हुसेनबी चाची, सबिना, अजून शेजारच्या. चाचींनी परात भरून भडंग आणलं होतं. खुडता खुडता बायका बकाणे भरत होत्या. अव्वा तेवढी खात नव्हती, कारण शांभू सबिनाच्या मांडीवर होती. विद्या खाली आंघोळीला गेलती.

मी नाचणी घेऊन वर गेलो. नवीन सत्त्व होतं, परवाच वाळलेलं. चमचा पुढं केला आणि पोरीनं आ केला. मी इकडंतिकडं बघितलं, दुसऱ्या कुणाला तर केला नसेल? पण मलाच केलता. एक चमचा, दुसरा, तिसरा. तोंड लालबुंद झालं, नाकातनं पाणी आलं, एकदा ठसकली, आणि परत आ! अख्खी वाटी संपली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

अव्वानं वाटीला बोट पुसून चाटलं आणि तिचे डोळे मोठे झाले. “आरं मुडद्या! हे तिखाट लागतंय!”

मग उलगडा झाला. सत्त्व वाळवायला मी गच्चीवरचं रिकामं लुगडं घेतलं होतं. त्यावर आदल्या दिवशीपर्यंत संकेश्वरी वाळत होती. झटकून घेतलं होतं, पण संकेश्वरी झटकून जाते होय?

मी घाबरून मॅडमना फोन केला. त्यांनी आधी झापलं. मग म्हणाल्या, एवढ्यानं काही होत नाही, आज नुसतं दूध द्या, लक्ष ठेवा, सत्त्व टाकून द्या. दिवसभर तिच्या तोंडाकडं बघत बसलो. मजेत होती. तिखट कुठं गेलं ते संध्याकाळी लंगोट बदलताना तिनं ओरडून सांगितलं.

चाची म्हणतात, “कोल्हापूरची पोरगी हाय ती. फिकं कशी खाईल?” बायका हसल्या. पण मला ते डोक्यात बसलंय. गोड नाही, तिखटच पाहिजे तिला.

८ एप्रिल, मंगळवार

नवीन नाचणी, नवीन फडकं, सगळं स्वच्छ. एक चमचासुद्धा गेला नाही.

चटणीचा डबा उघडला होता. चिमूट बोटात घेतली होती. समोर ती बसलेली, दोन दात नुकते दिसायला लागलेत, ते दाखवून हसली. हात धजला नाही. चिमूट परत डब्यात टाकली. एवढा काही मी गेलेला नाही अजून.

९ एप्रिल, बुधवार

विद्याला मिरचीचं सांगून टाकलं. पोटात ठेवलं की मला झोप येत नाही. आधी हातातलं लाटणं उगारलं. मग “पोरगी तिखट खाऊन परत आ करत होती?” असं तीनदा विचारलं आणि भिंतीला टेकून पोट धरून हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “खाल्लं तर खरं. मी नसताना.”

१२ एप्रिल, शनिवार

वाईट दिवस. विद्याला हजर व्हायच्या आधीच्या कागदांसाठी डेपोत जायचं होतं. नऊला गेली, साडेतीनला आली. म्हणलं, चला, रंगीत तालीम होईल.

मी दुकान बंद ठेवलं. अव्वानं कुठं जायचं टाळलं. अकराला नाचणी घेऊन दोघं समोर बसलो. नाही. बाराला पेज. नाही. एकला परत नाचणी. वाटीच उडवली. दोन वाजता रडून रडून आवाज बसला तिचा. नुसतं हं हं करत होती. अव्वा तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती आणि स्वतः रडत होती. मी खाली जाऊन दुकानाच्या शटरला लाथ घातली. आता अंगठा सुजलाय.

विद्या आली, चप्पल न काढताच तिला पदराखाली घेतलं. पोरगी प्यायली आणि पिता पिताच झोपली. विद्यानं आमच्याकडं बघितलं. “तुम्ही जेवलाय का?”

अव्वा म्हणाली, “लेकरू उपाशी असताना कसं जेवायचं गं?”

“म्हणजे तिघंबी सकाळपासनं उपाशीच?”

तिनं पोरीला मांडीवर घेऊनच आमच्यासाठी भात लावला.

१७ एप्रिल, गुरुवार

विद्यानं अर्ज लिहिलाय. बिनपगारी रजा, सहा महिने. मिळेल असं नाही, आणि मिळाली तरी रूटवर परत घेतीलच असं नाही. आणि नाही मिळाली तर राजीनामा, असं ती बटाटे चिरता चिरता बोलली. अगदी सहज. मी म्हणलो, “तुझी एवढ्या दिवसांची धडपड हाय की गं.”

“मग काय करू? पोरीला उपाशी ठेवून तिकिटं फाडू?”

अव्वा शेजारीच बसलेली. तिला बरंच वाटत असणार, सून घरात राहील म्हणून. जुनी माणसं ती. आज चिंच भिजवून बसली होती, दोन्ही हात काळे. कशाला एवढी चिंच विचारलं तर म्हणाली, आमटीला. आमटी तर आंबट नव्हती.

पण खरं सांगू? मला स्वतःची लाज वाटते. छाती पुढं काढून बोललो तो मी. माझ्या शब्दावर ती विसंबली. शंभर जळलेल्या मोटारी चालू केल्या आणि सात किलोचं एक लेकरू मला जेववता येत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

मी म्हणलो, “विद्या, एक दिवस दे मला. सोमवारी ड्युटीवर जा. अर्ज खिशात ठेव. पोरीनं नाही खाल्लं तर मंगळवारी दे अर्ज, मी एक शब्द बोलणार नाही.”

तिनं अर्जाची घडी घातली. मग म्हणाली, “आजऱ्याला पोचले की फोन करते. तेव्हा खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून थापा न्हाय मारायच्या.”

“शांभूची शपथ.”

“तिची शपथ नका घेऊ. स्वतःची घ्या.”

घेतली.

ड्रेसला परत इस्त्री. आता मी काही विचारलं नाही. ड्रेसवरचा पितळी बिल्ला मात्र आज सोन्यासारखा चकाकत होता. विद्यानं घासला असेल.

२१ एप्रिल, सोमवार

सात वाजता विद्या निघाली. साडेआठची आजरा गाडी तिच्याकडं. अव्वानं तिच्या कपाळाला विभूती लावली. म्हणाली, “बिल्ला सरळ कर. आणि पायऱ्यांत उभी ऱ्हाऊ नको, आत ऱ्हा.” विद्यानं शांभूचा मुका घेतला आणि मागं न बघता गेली. कोपऱ्यावर वळताना खिशावर हात दाबलेला दिसला. अर्ज त्याच खिशात.

नऊला नाचणी केली. नाही. सव्वानऊला परत. नाही. दहाला घनसाळची पेज, तूप घालून. नाही. अव्वाचा आज सोमवार, तिचा उपास. ती म्हणाली, “मी देवळात जाऊन येते. आता देवानंच काय तर केलं पाहिजे.” खालनं पिराजी ओरडत होता, “ओ मालक, मोटार झाली का? ऊस वाळाय लागलाय!” मी वरनंच ओरडलो, “वाळू दे!” आजवर गिऱ्हाइकाला असं बोललो नव्हतो.

अकरा वाजले. शांभू रडून थकून, तरी मुसमुसत चटईवर बसलेली, उशीला टेकवून. समोर मी. मध्ये नाचणीची वाटी, तिसऱ्यांदा गरम केलेली. काळजीनं माझ्या पोटात कालपासनं अन्नाचा कण नव्हता. अचानक डोळ्यापुढं अंधारी आली. म्हणलं, मीच आडवा झालो तर पोरीला कोण बघणार? विद्या जाताना माझ्यासाठी भाकरी आणि वांग्याची भाजी झाकून गेलती. ते ताट ओढलं. मनात म्हणलं, अव्वा देवळात आहे. पाप लागायचं तर लागू दे.

तिच्याकडं अर्धी पाठ केली आणि घास घेतला.

रडणं थांबलं.

मला वाटलं, झोपली. वळून बघितलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. डोळे एवढाले. मी चावत होतो तशी तिची हनुवटी हलत होती. मी घास गिळला, तिनंही काहीतरी गिळलं, तोंडात काही नसताना. मी दुसरा घास घेतला. ती पुढं झुकली, दोन्ही हात ताटाकडं, आणि आ केला. एवढा मोठा की तळाचे दोन दात आणि अख्खी जीभ दिसली.

मी नाचणीचा चमचा तोंडात ठेवला. मिटलं. हललं. गेलं आत.

एक घास मी. एक घास ती. माझी भाकरी, तिची नाचणी. मी थांबलो की ती थांबायची आणि माझ्या मनगटावर चापट मारायची. मी खाल्लं की तीही खायची. अर्धी वाटी झाली तेव्हा मला चाचींचं घर आठवलं, सगळ्यांची तोंडं चाललेली. गच्ची आठवली, बायकांचे भडंगाचे बकाणे. ना साखर, ना मिरची. आणि आम्ही शहाणे तिच्यापुढं तोंड मिटून, उपाशी, चेहरे पाडून बसायचो, आणि आमची ताटं वाढली की तिला आत नेऊन ठेवायचो. ती आतनं ओरडायची ते भांड्यांना भिऊन होय? गाढव आहे मी! चष्म्यासकट गाढव!

दारात अव्वा कधी आली कळलं नाही. हातात देवळातला प्रसाद, केळी. लेकरासमोर ताट घेऊन बसलेला मुलगा बघून तिनं तोंड उघडलं. मी म्हणलो, ओरड, पण हळू ओरड. ती ओरडली नाही. शांभूचं तोंड हलत होतं, हनुवटीवर नाचणी, आणि ती अव्वाकडं बघून हसली, तोंडात घास असताना.

अव्वा खाली बसली. मग म्हणाली, “म्हणजे तिला एकटीला जेवाय नको हुतं व्हय रं?”

तिनं केळ सोललं, मोडलं, एक तुकडा शांभूला दाखवत स्वतःच्या तोंडात घातला आणि मुद्दाम मोठ्यानं चावला. लेकराच्या पुढ्यात, माझ्या जन्मापासनं पहिल्यांदा. एक तुकडा चुरून तिला दिला. गेला. तिघांनी मिळून जेवण केलं. वाटी संपली. केळ संपलं. अव्वा पदरानं डोळे पुसत म्हणाली, “तू लहान असताना सहा महिने असाच रडवलास मला.”

साडेअकराला फोन वाजला. मागं आजरा स्टँडचा गोंगाट. “खरं सांगायचं,” एवढंच म्हणाली ती. हॅलोसुद्धा नाही.

“खाल्लं. अख्खी वाटी. वर अर्धं केळ.”

पलीकडनं नाक ओढल्याचा आवाज. कुणीतरी “अहो मॅडम, उत्तूरचं एक तिकीट द्या की” म्हणत होतं.

“खोटं न्हाय ना?”

“माझी शपथ हाय माझ्यावर. अव्वाला देऊ का फोन?” अव्वा लांबूनच ओरडली, “खाल्लं गं! चल तू, गाडी सोड!”

मग फोनमधनं, लांबनं पण स्वच्छ, टिंग टिंग.

संध्याकाळी

साडेचारला आली. उन्हानं तोंड काळवंडलेलं, डोळे चमकत होते. पोरीला घेतलं, पाजलं. सातला आम्ही चौघं गोल बसून जेवलो, शांभू मध्ये. विद्यानं स्वतःचा एक घास घेतला आणि मग चमचा पुढं केला. तिच्या हातनं पहिल्यांदाच. पोरीनं आ केला. विद्या हसायला लागली आणि हसता हसता तिचा घास सांडला, तर शांभूनं तोसुद्धा उचलून तोंडात घालायला बघितला. नाचणी उद्यासाठी भिजत घातली आहे. दुप्पट.

आवराआवर झाल्यावर मी हळूच विचारलं, “अर्ज?”

“आजऱ्यातनं निघाल्यावर माझ्या सीटजवळची काच लई खडखडाय लागली,” विद्या म्हणाली. “घडी करून फटीत कोंबला.”

“मग?”

“मग काय? कोल्हापूरपतोर काच वाजली न्हाय.”